पाहुण्याचं ताट

सन दोन हजार बारा. मार्गशीर्ष लागला होता आणि रायपुरात त्या वर्षी थंडी जरा लवकर उतरली होती. मंत्रालय जुन्या शहरातून उठून नव्या राजधानीत गेलं होतं. तेलीबांधाच्या रस्त्यानं कपाटं, खुर्च्या, फायलींचे गठ्ठे भरलेले ट्रक जात. आम्ही तिघं म्हातारे तलावाच्या काठी बसून ते बघत असू.

किस्से कोणी साठवत नाही, ते साठतात. मी सारी उमर रायपूरजवळच्या उरला गावातल्या रोलिंग मिलमध्ये काढली. तापलेलं लोखंड रोलमधून निघालं की त्याची काळी पापडी गळून खाली पडते. ती कोणाला नको असते. पण पाळी संपेपर्यंत तिचा ढीग होतोच. आमच्या तिघांच्या फिरण्याचं तसंच झालं. मी चौथी शिकलेला माणूस, सजवून सांगता येत नाही. झालं तसं सांगतो.

आमच्यात गुलाबराव रेल्वेचा गार्ड होता. बौद्ध माणूस. भूत, पितर, नवस काही मानत नाही. दौलत सरकारी कचेरीत बाबू होता. तो सगळं मानतो. रस्त्यात शेंदूर फासलेला दगड दिसला तरी चप्पल काढतो. मला सगळे मिस्त्री म्हणतात. मी दिसतं तेवढं मानतो.

गुलाबरावाला समुद्रापलीकडची बुद्धाची जुनी देवळं बघायची होती. दौलतला कुठलेही देव चालत होते. मी समुद्रच पाहिला नव्हता. दौलतची नात निक्की कॉलेजात शिकते. मराठी समजते, उत्तर हिंदीत देते. तिनं कॉम्प्युटरवर सगळं जमवलं आणि म्हणाली, "नाना, पीठ पे बैग टाँगो और निकल जाओ. इसको बैकपैकिंग बोलते हैं."

मी एकच नियम घातला. जे खांद्यावर पेलत नाही ते न्यायचं नाही.

*

सदर बाजारातून तीन पाठीवरच्या बॅगा आणल्या. सवय व्हावी म्हणून त्या भरून सकाळी तेलीबांधा तलावाला फेऱ्या मारायला लागलो. एक दिवस पोलिसानं अडवलं.

"कहाँ चले बाबा? अमरनाथ?"

"कंबोडिया," गुलाबराव म्हणाला.

पोलीस विचारात पडला. त्याच वर्षी राज्यात नवे जिल्हे झाले होते. त्यानं डोकं खाजवलं आणि विचारलं, "ये वाला भी नया बना है क्या?"

गुलाबराव म्हणाला, "हव. अभी कलेक्टर नहीं आया है!"

*

हावडा मेलनं कलकत्ता, तिथून विमानानं बँकॉक. तिथं दर दुकानापुढं खांबावर एक लहानसं देवघर असतं, पक्ष्याच्या घरट्याएवढं. त्यात फुलं, उदबत्ती आणि लाल सरबताची उघडी बाटली ठेवलेली.

दौलतचा एक धर्म होता. देवापुढचं ठेवलेलं सोडायचं नाही. प्रसाद नाकारला तर देव रागावतो, असं त्याची आई सांगत असे. त्यानं हात जोडले, बाटली उचलली, डोळे मिटून अर्धी प्यायला.

"काय बे?" गुलाबराव ओरडला.

"तीर्थ हाय."

"तीर्थाले नळी असते काय बे? ते पाय तं, बाटलीत नळी हाय!"

दुकानातली बाई धावत आली. आम्हाला वाटलं आता शिव्या खाव्या लागणार. तिनं दौलतकडं पाहिलं, हसली, आणि नवी बाटली आणून त्या घरट्यात ठेवली. आम्हीही हसलो. तेव्हाच त्याला दटावायला पाहिजे होतं. पण प्रवासाचा पहिला दिवस होता.

*

तिथून बस. हद्द ओलांडून कंबोडियाच्या समुद्राकाठी एका मासेमारांच्या गावात उतरलो. एका लॉजमध्ये खोली मिळाली. मालकीणबाईला थोडं इंग्रजी येत होतं, गुलाबरावाला थोडं येत होतं. दोघांचं मिळून भागत असे.

मी समुद्र पाहिला. त्याबद्दल मला काही सांगायचं नाही. मोठा होता.

सूर्य बुडायला आला होता. होड्या वर ओढून ठेवल्या होत्या. थोडं पुढं, ओल्या वाळूच्या कडेला, चटईवर एक जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं ताट वाढून ठेवलेलं होतं. भात, मासा, कसली तरी भाजी, वाटीत रस्सा. बाजूला उदबत्ती जळत होती. आसपास कोणी नाही.

दौलतनं चप्पल काढली.

मी म्हणालो, "राहू दे. कोणाचं तरी जेवण असंल."

"मिस्त्री, उदबत्ती लावलेलं जेवण माणसाचं नसते, देवाचं असते. देवानं पाहून घेतलं, आता आपलं."

तो मांडी घालून बसला आणि जेवला. थोडं नाही, सगळं. ताट पुसून घेतलं. प्रसाद सांडू नये म्हणून!

तो उठला तेव्हा मागं एक म्हातारी उभी होती. पांढरे बारीक केस, काळा लुंगीसारखा कपडा. कधीपासून उभी होती कोण जाणे. ओरडली नाही. तिनं रिकामं ताट उचललं. मग समुद्राकडं तोंड करून काहीतरी बोलली, आणि बोलता बोलता हात दौलतकडं केला. एखाद्याला घर दाखवावं तसा.

लॉजची मालकीणबाई दारातून हे बघत होती. आम्ही परत आलो तर ती आमच्याशी बोलेना. गुलाबरावानं खोदून विचारलं तेव्हा एवढं कळलं. त्या म्हातारीचा पोरगा समुद्रात गेला होता. होडी परत आली, तो आला नाही. ती रोज संध्याकाळी त्याचं ताट वाढते.

"आणि आता काय म्हणाली ते?" दौलतनं विचारलं.

गुलाबरावानं ऐकलं आणि आम्हाला सांगताना आवाज खाली आणला.

"म्हणे, तुझं जेवण ह्यानं घेतलं. आता तू जेवायला ह्याच्याकडं जा."

मी दौलतकडं पाहिलं. आपल्याकडंही पितराचं पान वाढतात. कावळा शिवल्याशिवाय घरातलं पोर त्याला हात लावत नाही. हे त्याला मी सांगायची गरज नव्हती, त्याला ते माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

"पितराचं पान खाल्लं मी, मिस्त्री."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिची माफी मागायला जाणार होता. पण आमची बस पहाटेची होती. सगळी तिकिटं पुढची काढलेली. आम्ही निघालो.

*

मोठी देवळं पाहिली. दगडाच्या भिंतींवर झाडं बसली होती, मुळं खाली सोडून. गुलाबराव प्रत्येक बुद्धापुढं शांत उभा राहायचा. त्याचे ते दिवस चांगले गेले.

आमच्याकडं चिवड्याचा डबा होता. शेवंतावहिनींनी, म्हणजे दौलतच्या घरच्यांनी, पूर्ण प्रवासाला पुरेल एवढा करून दिला होता. समुद्र सोडल्यापासून त्यातला चिवडा कमी होत चालला. गुलाबरावानं सरळ दौलतला धरलं.

"चोरून खाऊन राहिला तू. तुह्या बायकोचा हाय म्हणून काय एकट्याचा हाय?"

"आईची शपथ, मी हात नाई लावला."

"मंग काय बुद्धानं खाल्ला?"

रोजचं भांडण नको म्हणून मी डबा बांधला. मिलमध्ये आम्ही सळयांचा भारा तारेनं बांधत असू. ती पीळ देऊन मारलेली गाठ हातानं सुटत नाही, कापावीच लागते. तशी गाठ मारली आणि डबा माझ्या बॅगेत ठेवला.

दुपारी सगळ्यात उंच देवळाच्या माथ्यावर चढलो. भूक लागली होती. डबा काढला. गाठ माझी होती, जशीच्या तशी होती. मी पकडीनं तार तोडली आणि झाकण उघडलं.

डबा रिकामा होता. तळाला ओलसर, पांढरी वाळू होती.

गुलाबरावानं तुटलेली तार हातात घेऊन पाहिली. मग म्हणाला, "गाठ ढिली मारली असंल तुनं."

माझ्या गाठीला असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी मी त्याच्याशी बोललो नाही.

*

रायपूरला परत आलो. खरा त्रास घरी सुरू झाला.

दौलतच्या घरी जेवणारी माणसं तीन. तो, वहिनी आणि निक्की. वहिनींच्या हाताचा अंदाज असा की लग्नाच्या पंगतीतही त्यांचा भात कमी पडला नाही की वाया गेला नाही. आता रोज एक ताट कमी पडायला लागलं. त्यांनी मूठभर तांदूळ वाढवले. तरी एक ताट कमी. आणखी वाढवले. तरी तेवढंच कमी.

पण ताट निक्कीचं कमी होत नव्हतं, वहिनींचंही नाही. कमी पडायचं ते दौलतच्या वाटचं, आणि वाढलेलं खाऊनही त्याचं पोट भरत नव्हतं. तो जेवायचा, उठायचा, आणि हात धुताना म्हणायचा, "मी जेवलो काय?" चैत्रापर्यंत त्याचे गाल आत गेले. पँट नाडीनं बांधावी लागली. निक्की आधी हसायची, "नाना, डाइटिंग कर रहे हो क्या?" मग तिचं हसणं बंद झालं. डॉक्टरनं सगळ्या तपासण्या केल्या. रिपोर्टात काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाला, "बाबा, खाना खाया करो."

वहिनींनी तेव्हा मला बोलावून घेतलं.

"मिस्त्री भाऊ, तिकडं काय केलं यायनं? खरं सांगा. हे माणूस माह्या डोळ्यापुढं सरून राहिलं."

मी सांगितलं. त्या रडल्या नाहीत. पदर खोचला आणि म्हणाल्या, "म्हणजे पाहुणा हाय घरात. तरीच."

*

गुलाबरावाला हे पटेना. "मानसिक हाय," तो म्हणाला. "मी सोता बसतो चुलीपाशी. पाहू कोण खाते ते."

रविवारी भर दुपारी तो आला. स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसला. गार्ड माणूस, नजर हलवायचा नाही. भात शिजला तेव्हा त्यानं स्वतः झाकण काढून पाहिलं. पातेलं काठोकाठ. झाकण ठेवलं आणि वरून स्वतःचा हात ठेवला. वहिनींनी पानं घेतली तोपर्यंत हात काढला नाही.

वहिनींनी दौलतला वाढलं. निक्कीला वाढलं. मला वाढलं. गुलाबरावाच्या ताटात वाढायला गेल्या आणि पळी तळाला लागून खरखरली.

गुलाबरावानं पातेल्यात बोट फिरवलं. बोटाला पांढरी वाळू लागली, पिठासारखी. आमच्या खारुन नदीची वाळू अशी नसते. ती जाड असते, तांबूस.

त्यानं बोट धोतराला पुसलं. ताटावरून उठला.

"मी मानत नाई," तो म्हणाला. "मानत नाई म्हणजे नाई. पण पोट्टीले सांगा, तिकडचं तिकीट काढतानी मले धराव."

*

लगेच जाणं झालं नाही. पितृपक्ष आला तेव्हा दौलतनं आधी इथंच करून पाहिलं. खारुनच्या घाटावर रीतीनं पान वाढलं. कावळे भरपूर होते. डावीकडच्या पानावर तुटून पडले, उजवीकडच्या पानावर तुटून पडले. आमच्या पानाकडं एकही आला नाही. दौलत हात जोडून उन्हात उभा. शेवटी मी त्याला धरून सावलीत आणलं.

गुलाबराव म्हणाला, "कावळा समजदार हाय. पत्ता चुकला."

वहिनी म्हणाल्या, "ज्या दारातून घेतलं त्या दारात परत द्याव लागते. मी येतो तुमच्यासंगं. त्याले माह्या हातची सवय झाली हाय आता."

निक्की तिकिटं काढायला बसली. दौलत, वहिनी, गुलाबराव, मी. चार.

दौलत हळूच म्हणाला, "पाच काहून नाई?"

निक्कीचा हात थांबला. मग गुलाबराव म्हणाला, "विदाऊट टिकट आला तो. विदाऊट टिकट जाईल!"

गार्डाच्या तोंडून हे ऐकून आम्ही हसलो. दौलतही हसला. वर्षभरात पहिल्यांदा.

*

कलकत्त्याच्या विमानतळावर वहिनींची बॅग उघडायला लावली. लुगडं नेसलेली बाई, पाठीवर बॅग, बॅगेत तांदूळ, तुरीची डाळ, उडदाची डाळ, तुपाची बरणी. तपासणारा पोरगा हिंदीत बोलला.

"अम्मा, इतना चावल? उधर चावल नहीं मिलता क्या?"

"मिलता है बेटा. पर मेहमान को हमारे हाथ का लगता है."

"कौन मेहमान?"

वहिनींनी पुढं गेलेल्या दौलतकडं बोट केलं. "वो. उनके पीछे."

पोरानं तिकडं पाहिलं. दौलत काठी टेकत चालला होता. त्याच्यामागं कोणी नव्हतं. मग त्यानं बॅगेची चेन लावली, दोन्ही हातांनी उचलून वहिनींच्या खांद्यावर चढवली आणि पुढचं काही तपासलं नाही.

*

गाव तेच होतं. होड्या त्याच जागी. लॉजच्या मालकीणबाईनं दौलतला ओळखलंच नाही, एवढा तो वाळला होता. गुलाबरावाला ओळखलं. त्यानं तिला सांगितलं आम्ही कशाला आलो. ती आमच्यापुढं चालत म्हातारीच्या झोपडीकडं गेली.

म्हातारी दारात बसली होती. दौलत तिच्यापुढं वाळूवर बसला आणि हात जोडले. बोलला मराठीतच. "आई, चुकलं माह्यं. प्रसाद समजलो."

मालकीणबाईनं तिच्या भाषेत सांगितलं. म्हातारी ऐकून घेऊन एकच वाक्य बोलली. मालकीणबाईनं गुलाबरावाला सांगितलं, गुलाबरावानं आम्हाला.

"म्हणे, त्या दिवसापासून मी ताट वाढते तं जसंच्या तसं राहते."

मग ती उठली आणि वहिनींना चुलीपाशी नेलं. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता. तरी काही अडलं नाही. एक फुंकर घालायची, दुसरी वाळलेली काटकी पुढं करायची. वहिनींनी भात केला, वरण केलं, वडे तळले, कढी केली, खीर केली. म्हातारी प्रत्येक पातेल्यात डोकावून वास घ्यायची आणि मान हलवायची.

सूर्य खाली आला. म्हातारीनं तीच चटई ओल्या वाळूच्या कडेला टाकली. तेच जर्मनचं ताट आणलं. वहिनी वाढायला वाकल्या. दौलत म्हणाला, "मी वाढतो. मी घेतलं होतं."

त्यानं आपल्या रीतीनं वाढलं. डावीकडं मीठ, त्याखाली चटणी, मध्ये भाताची मूद, वरण, तूप. वडे, कढी, खीर. काही सांडलं नाही. म्हातारीनं उदबत्ती लावली.

"बोलवा त्याले," वहिनी म्हणाल्या. "पाहुणा बोलावल्याशिवाय बसत नाई."

दौलत समुद्राकडं तोंड करून म्हणाला, "ये बाबू. जेवून घे. माह्याकडचं झालं, आता तुह्या घरचं."

आम्ही पाठ फिरवली आणि होड्यांपर्यंत चालत गेलो. कावळ्यासाठी बाजूला होतात तसे. कोणी मागं पाहिलं नाही. लाटांचा आवाज येत होता, दुसरा नाही. मग म्हातारी काहीतरी बोलली आणि आम्ही वळलो.

ताट रिकामं होतं. भात नाही, वडे नाहीत, कढीची वाटी कोरडी. सगळं निपटून घेतलेलं. मीठ तेवढं डावीकडं होतं तसंच राहिलं होतं. त्याला हात लावलेला नव्हता.

"कुत्रं असंल," गुलाबराव म्हणाला.

मी त्याला ताटाभोवतीची वाळू दाखवली. दौलत वाढायला बसला होता त्या गुडघ्यांच्या खुणा होत्या. दुसरी एक खूण नव्हती. गुलाबरावानं वाकून चारी बाजूंनी पाहिलं. उठला तेव्हा त्यानं टोपी काढून हातात घेतली होती.

झोपडीत आम्ही जेवायला बसलो. वहिनींनी दौलतला भात वाढला. तो जेवला. पुन्हा वाढला. तो जेवला. तिसऱ्यांदा पळी पुढं केली तर त्यानं ताटावर आडवा हात धरला.

"बस," तो म्हणाला. "भरलं."

वहिनींची पळी तशीच हवेत राहिली. मग त्यांनी पातेलं सगळ्यांना दाखवलं. आम्ही सगळे जेवून भात उरला होता.

म्हातारी बाहेर गेली. तिनं मुलाचं ताट उचललं, समुद्राच्या पाण्यात धुतलं, कपड्याच्या टोकानं कोरडं केलं आणि आत आणून भिंतीशी पालथं घातलं.